पहिलं बाळंतपण माहेरी

शेवंताबाईला कुणी ‘बिचारी’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. ती गेल्यावर सानगडीला तिच्या भावाच्या अंगणात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. भंतेजींचं बोलणं संपलं, पंगती बसायच्या होत्या, तेवढ्यात माझ्या मागच्या दोघी हळहळल्या, “बिचारी! लेक-जवाई परदेशात अन् एकटीच गेली बाई.” मी वळून पाहिलं. दुसऱ्याच्या दुःखाच्या जागी भांडू नये एवढी अक्कल मला आहे. तिथं जे गिळलं ते इथं लिहिते. शेवंताबाई बिचारी नव्हती. ती हेकट होती, तोंडाची फाटकी होती आणि तिनं स्वतःच्या लेकीचा संसार स्वतःच्या हातानं अडवला होता. अडवला तिनंच आणि सोडवलाही तिनंच. सोडवताना काय गमावलं ते तिनं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

भंडाऱ्याला आमची भिंतीला भिंत होती. मी नगरपालिकेच्या शाळेत शिकवायची, ती सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात आया. ठेंगणी, रुंद खांद्यांची, चालताना पायाखालची जमीन आपल्या बापाची असल्यासारखी चालायची. सकाळी ओट्यावर बसून बोटानं दाताला तंबाखूचा गुडाखू लावायची आणि त्या काळ्या तोंडानंच गल्लीतल्या प्रत्येकाची हजेरी घ्यायची. मला ती कधी नावानं बोलली नाही. “काय वो मास्तरीन, आज कोनाचे पोट्टे बडवाले चालली?” हे तिचं नमस्काराचं वाक्य. मी कोणाला बडवत नसे, पण खुलासा करायची सोय नव्हती. तिच्यापुढे खुलासा केला की दुसरं वाक्य पहिल्याहून वाईट यायचं.

वॉर्डाच्या दाराशी तिचं स्टूल होतं. आत बाईमाणूस सोडून कोणी जायचं नाही, तेही एका बाळंतिणीमागं एकच, असा नियम. तो नियम कुठं लिहून लावलेला होता की नाही मला माहीत नाही. तो त्या स्टुलावर बसलेला असायचा. गोंदिया वेगळा होऊन जिल्हा अर्धा झाला, त्या सुमाराला एका नव्या नव्या पुढाऱ्याला नात झाली. तो हारतुरे घेतलेली चार माणसं आणि एक फोटोवाला घेऊन आला. शेवंताबाईनं पदर खोचला. उठली, फिनेलची बादली आणली आणि दारापासून त्याच्या पांढऱ्या चपलांपर्यंत फरशी पुसत गेली. तो मागे सरकला, ती पुढे सरकली. “सायेब, जिल्हा लहान झाला म्हनते, म्हनून वॉर्ड मोठा नाही झाला,” म्हणाली. तो बाहेर व्हरांड्यात फोटो काढून गेला.

उलट एकदा खाणीवर काम करणारा एक माणूस बायकोला घेऊन आला होता. सोबत बाईमाणूस कोणी नाही, बायकोला कळा सुटलेल्या, आणि तो दाराशी नुसता उभा. शेवंताबाईनं त्याला विचारलं, “हिची माय कुठं आहे?” तो म्हणाला, वारली. “मंग आजपासून मी हिची माय. अन् तू माहा जवाई झाला. जवायाले कोनी दारात उभं ठेवते का? ये आत.” आणि खरंच, ती बाई घरी जाईपर्यंत शेवंताबाई घरून तिच्यासाठी भाताची पेज नेत होती. नर्सबाई ओरडल्या तेव्हा तिनं सांगितलं, “दार बंद ठेवाले मले ठेवलं, तसं उघडाले बी मलेच ठेवलं.” तिचं हे असंच होतं. एकदा तोंडातून निघालं की ते खरं करून दाखवायचं. खोटं बोलायचा तिला तिटकारा होता, आणि खोटं खरं करून टाकायची खोड.

तिच्या बापानं छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. घरातले देव सानगडीच्या तळ्यात गेले, पाचवी गेली, सटवी गेली, उपासतापास गेले. शेवंताबाईला या सगळ्याचा अभिमान होता. गल्लीत कुणाकडे पाचवीची पूजा असली की मोठ्यानं म्हणायची, “सटवी लिहून जाते म्हनते, मंग पोट्टे शाळेत कायले धाडता?” पण एक गोष्ट मात्र तिनं मुठीत धरून ठेवली होती. पहिलं बाळंतपण माहेरी. मी एकदा चिडवलं, “एवढं सगळं सोडलंस, हे काहून नाही सोडलं?” ती म्हणाली, “धर्म बदलला, माय थोडीच बदलली?”

मला हसू आलं होतं. हसण्यासारखं नव्हतं ते. तिचं स्वतःचं पहिलं बाळंतपण सासरी झालं होतं, कारण पावसाळ्याचे दिवस होते आणि सासूनं रोवण्याच्या हंगामात हातचं माणूस सोडलं नाही. ओली बाळंतीण असताना तिला बांधीतल्या चिखलात धान रोवायला उभी केली. ताप चढला, दूध आटलं आणि मुलगा गेला. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही तांदूळ निवडता निवडता, कोरड्या आवाजात. पुढे सुजाता झाली ती सानगडीला, आईच्या हाताखाली, शेकशेगडी घेऊन. सुजाता जगली. शेवंताबाईच्या हिशेबात एवढा पुरावा बस होता.

सुजाता शाळेत असतानाच तिचा बाप वारला. शेवंताबाईनं पोरीला नागपूरला नर्सिंगला घातलं, पोरगी हुशार निघाली, इंग्लंडच्या दवाखान्यात नोकरीला लागली. शेवंताबाईच्या लेखी सगळं इंग्लंड म्हणजे लंडन. “आमची सुजी लंडनले लोकाइच्या म्हाताऱ्या माया सांभाळते,” असं ती अभिमानानं सांगायची. काही वर्षांनी सुजाताला तिथं कायम राहायची परवानगी मिळाली आणि मग लग्न झालं. नवरा मिलिंद, नाकाडोंगरीचा, एस.टी.त कंडक्टर. डॉक्टर-इंजिनियरांची स्थळं येत होती, पण सुजाताला शांत माणूस हवा होता. मिलिंदसारखा शांत कंडक्टर मी दुसरा पाहिला नाही. तिकिटाला सुट्टे नसले तरी तो हसायचा.

ठरलं होतं असं की मिलिंदनं मागाहून तिकडं जायचं. तिथला नियम असा की नवऱ्याला बोलवायचं तर बायकोची कमाई ठराविक एवढी पाहिजे, आणि नवऱ्याला इंग्रजीची परीक्षा पास व्हावी लागते. सुजाताची कमाई तेव्हा पुरेशी होती. मिलिंद मात्र इंग्रजीत एकदा नापास झाला, पुन्हा बसला, पास झाला. तोवर सुजाताला दिवस गेले होते आणि अर्ज तसाच राहिला होता. सुट्टीवर येऊन परत गेलेली पोर, तिकडून तिनं आईला फोन केला. मी चहाला गेले होते, फोन स्पीकरवर होता.

“आई, बाळंतपण इथंच करते मी. इथं सगळं चांगलं आहे.”

“तिथं तुले शेकन कोन? तेल कोन लावन? मशीन?”

“इथं शेकत नाहीत कोणाला. आई, ऐक ना. माझी एक मैत्रीण आहे केरळची, तिनं सगळं विचारून ठेवलं. मले कायमची परवानगी आहे, म्हणून बाळ इथं झालं तर ते इथलं होते. मंग पुढं कधी काही अडलं तरी मिलिंदले यायला सोपं जाईल. लेकरंवाल्या घरांसाठी नियमात सूट आहे इथं.”

“लेकरू मायबापाचं असते का सरकारचं असते वो? कुठं बी जन्मू दे.”

“तसं नाही ना आई...”

“हजार बाया या हातानं बाळंत केल्या मी. अन् माह्या पोरीले परक्याच्या हाती देऊ? पहिलं बाळंतपण माहेरी. संपलं.”

सुजाता रडली. शेवंताबाईनं फोन ठेवला आणि जेवण सोडलं. रोज संध्याकाळी लेकीला फोन करून एवढंच सांगायची, “आज बी नाही जेवली.” ती थाप नव्हती, हे भिंतीपलीकडून मला दिसत होतं. मिलिंदनं समजावून पाहिलं, मीही दोन शब्द बोलले. ती म्हणाली, “मास्तरीन, तुह्या पुस्तकात बाळंतपण नाही.” शेवटी सुजाता पोट घेऊन विमानात बसली.

आता मागं वळून तिच्यावर राग काढणं सोपं आहे. पण माणूस जन्मला कुठं यावरून त्याचा बाप त्याच्याजवळ राहील की नाही हे ठरतं, असं भंडाऱ्यात कोणाला सुचणार होतं? आमच्याकडे मूल माहेरी जन्मतं आणि बापाचं नाव लावतं. त्यात कुठं दोन देश येतात?

ते चार-पाच महिने मात्र त्या घरात नुसती दिवाळी होती. शेवंताबाईनं पितळेच्या बाजारातून एवढं मोठं घंगाळ आणलं की त्यात बाळासकट बाळंतीण मावली असती. बाळंतपण तिच्याच वॉर्डात झालं. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, तरी त्या दिवशी ती आपल्या जुन्या स्टुलावर बसली आणि मिलिंदला आत सोडलं. मुलगी झाली. यशोधरा, घरची यशू. बाजेखाली शेगडी, धुरी, काढे, डिंकाचे लाडू, कशात कसूर नाही. नाव ठेवायच्या दिवशी बुद्धवंदना झाली, मग खीर झाली. नर्स असलेली सुजाता आधी कुरकुरायची, मग तीही शेकून घेता घेता झोपी जायला लागली. रजा संपली तरी शेवंताबाई म्हणाली, “अंग भरू दे, मंग जा.” सुजाता थांबली. त्यात तिची तिकडची कायमची नोकरी गेली.

सुजाता परत गेली ती एकटीच. पोर लहान, कागद तयार नव्हते, म्हणून यशू आजीपाशी राहिली आणि मिलिंदही त्याच घरी राहायला आला. तिकडं मिळेल त्या पाळ्या करायला लागली. “सहा महिन्यांत दोघांले बोलावते,” म्हणून गेली होती. मिलिंद, शेवंताबाई आणि मी नागपूरला एका सल्लागाराकडे गेलो. टाय लावलेला तरुण मुलगा होता, बोलायला वाईट नव्हता. कागद चाळून म्हणाला, “मॅडमची कमाई आता कमी पडते.”

मिलिंद म्हणाला, “पण लेकरं असलेल्या घराले सूट आहे ना सर?”

“आहे ना. मूल तिकडचं नागरिक असेल, किंवा तिकडं बरीच वर्षं राहिलेलं असेल, तर कमाईची अट सैल होते. मुलाला बापापासून तोडणं बरोबर नाही असं ते मानतात. पण तुमची मुलगी जन्मली भंडाऱ्याला. ती भारतीय आहे. म्हणजे तिच्यासाठीही व्हिसा, आणि तिला धरून कमाईची अट आणखी वर जाते.”

“वर?” मी विचारलं. “मूल असल्यावर अट वर जाते?”

“हे मूल असल्यावर वर. तिकडं जन्मलेलं असतं तर खाली.”

शेवंताबाई इतका वेळ मांडीवरच्या यशूचे पाय चोळत बसली होती. तिनं हात थांबवला. “म्हंजे बाबू, हेच लेकरू, हेच मायबाप. फक्त माही पोरगी इथं नसती आली तर हे आज बापासंग मायजवळ असतं?”

तो जरा चाचरला. “तसं म्हणता येईल, आजी.”

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. भंडारा जवळ आला तशी मिलिंदकडे वळून म्हणाली, “जवाईबापू, मले शिव्या द्या.”

मिलिंद म्हणाला, “आई, खिडकी लावू का? धूळ येऊन राहिली पोरीच्या डोळ्यात.”

त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं ती मला नंतर अनेकदा म्हणाली.

अर्ज केला तरी. सुजातानं पाळ्यांवर पाळ्या केल्या, कमाई अटीच्या जवळ गेली, पण पोहोचली नाही. यशू तीन वर्षांची झाली होती तेव्हा नकार आला. मिलिंदनं कागद माझ्याकडे आणला. मी शेवंताबाईसमोर मराठीत सांगत गेले. कमाई कमी, हे होतंच. पुढे होतं की मुलीची भारतात उत्तम काळजी घेतली जात आहे; तिची आजी बाळंतपण आणि बालसंगोपनाच्या कामातली अनुभवी व्यक्ती आहे; आई फोनवरून आणि भेटींतून मुलीशी संबंध ठेवू शकते; तेव्हा नकारामुळे मुलीवर फार कठोर परिणाम होईल असं दिसत नाही.

“अनुभवी म्हनलं मले?”

“हो.”

ती हसली. तसलं हसणं मला पुन्हा ऐकायचं नाही. “जिंदगी गेली दवाखान्यात, कोनी कधी अनुभवी नाही म्हनलं. म्हनलं तं या मेल्यानं म्हनलं.”

मला मात्र संताप आला आणि आजही येतो. पोरीची नखं वेळेवर कापली, तिला उपाशी ठेवलं नाही, तिला रडू दिलं नाही, हा त्या घराचा गुन्हा झाला. पोर खरुजेनं भरलेली, उकिरड्यावर बसलेली असती तर कदाचित कोणाला तरी दया आली असती. ज्यांनी ते लिहिलं त्यांना एकदा घेऊन यायला हवं होतं त्या घरात, फोन वाजला की यशू फोनच्या मागं जाऊन आई शोधायची ते बघायला.

सल्लागार म्हणाला, पुन्हा अर्ज करू. या वेळी लिहा की आजी आता सांभाळू शकत नाही, वडिलांची ड्युटी फिरती, घरी पाहणारं कोणी नाही. मिलिंद घुटमळला. म्हणाला, “आई तर धडधाकट आहेत. हे असं कसं लिहू?”

शेवंताबाई म्हणाली, “खोटं कायले लिवता? मी जातो.”

आम्हाला वाटलं रागाचं बोलणं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गुडाखूची डबी, दोन साड्या आणि चष्मा पिशवीत भरला आणि सानगडीला भावाकडे निघाली. मिलिंद ड्युटीवर गेलेला. यशूला माझ्या कडेवर दिलं. पोर हात पसरून ओरडत होती. मी म्हटलं, “शेवंते, अगं वेडी झालीस का? कागदावर लिहायचं फक्त, तिकडून कोण बघायला येतं?”

“कोनी येवो न येवो. लिवलं म्हंजे तसं पाहिजे,” ती म्हणाली आणि ऑटोत बसली. पोरीकडे तिनं पाहिलं नाही. मी खूप रागावले होते. त्या ऑटोच्या मागे मी नको ते बोलले.

यशू कित्येक दिवस आजीच्या बाजेवर उलटी झोपायची. दिवसा माझ्याकडे, मिलिंद आला की त्याच्याकडे. त्यानं लांबच्या फेऱ्या सोडवून घेतल्या. आणि दुसरा नकार आला. या वेळी आजी नव्हती, तर बाप होता. वडील मुलीची जबाबदारी समर्थपणे पार पाडत आहेत, असं त्यात होतं. म्हणजे चांगली आजी नडली, चांगला बाप नडला.

मी सानगडीला गेले. म्हटलं, “झालं ना? तुझ्या जाण्यानं काही फरक नाही पडला. चल घरी. पोर तुझं नाव काढते.”

ती भावाच्या सुनेबरोबर लाखोळीच्या शेंगा झोडत होती. “अजून अर्ज कराचा आहे का नाही?”

“करतीलच पुन्हा.”

“मंग? त्याच्यात आजी नाही म्हनून लिवलं आहे ना? मंग नाही.”

“अगं, तुझ्या मूर्खपणाला काही सुमार?”

“मास्तरीन, एकदा मी म्हनलं तसं झालं, त्यानं पोरीचा संसार मोडला. आता त्याइनं म्हनलं तसं होऊ दे.” आणि तिनं काठी उचलली. मी बसस्टँडवर येऊन रडले. दयेनं नाही, चिडून. तिच्या हट्टाला उपाय नव्हता आणि त्या नियमाला तर तोंडच नव्हतं, भांडायचं कोणाशी?

मधे सुजाता एकदा येऊन गेली. सानगडीला आईच्या पायाशी बसून आली, घरी चल म्हणून विनवून आली. ती आली नाही. सुजाता परत गेल्यावर काही दिवसांनी कळलं की तिला पुन्हा दिवस आहेत. तिचं मन आता कशातच नव्हतं. तिनं सानगडीला फोन केला, तेव्हा योगायोगानं मी यशूला भेटवायला तिथं घेऊन गेले होते. यशू अंगणाच्या कडेला उभी राहून परक्यासारखी बघत होती. फोनवर सुजाता म्हणाली, “आई, मी येते. मले एकटीले नाही जमणार इथं. तू पाहिजे.”

शेवंताबाईनं फोन कानाला घट्ट धरला. “पाय ठेवला इकडे तर याद राख.”

“आई...”

“तिथंच बाळंत हो. कोन शेकन, कोन नाही, मले सांगू नको. मेली तरी तिथंच मर, पन लेकरू तिथं होऊ दे.”

फोन ठेवल्यावर ती भिंतीला टेकून बसली. मला म्हणाली, “पानी दे वो.” तिनं माझ्याकडे कधी काही मागितलेलं मला आठवत नाही, त्या पाण्याशिवाय.

सुजाताचं पोट कापून बाळ काढावं लागलं. जवळ ती केरळची मैत्रीण होती, तीही स्वतःची ड्युटी सांभाळून. टाके ओले असताना सुजाता एकटी दुधाची बाटली उकळत होती. हे सगळं मिलिंद सांगायचा. शेवंताबाईनं विचारलं नाही, पण सांगितलं तर ऐकून घ्यायची. मुलगा झाला. तो जन्मल्याक्षणी तिकडचा झाला, आणि नियमातली ती सूट झोपेतून उठल्यासारखी जागी झाली. आता कमाई कमी असली तरी चालत होतं. आता त्या कोवळ्या जिवाला बापापासून आणि बहिणीपासून दूर ठेवणं कठोर ठरत होतं. यशूचं इतक्या वर्षांचं रडणं कठोर नव्हतं, तिच्या भावाचं होऊ शकणारं रडणं कठोर होतं. सल्लागारानं पेढा मागितला. मिलिंदनं विचारलं, आईंसाठी काही होईल का? तो म्हणाला, “सासूबाईंना? विसरा.”

जायच्या आदल्या दिवशी मिलिंद यशूला घेऊन सानगडीला निघाला, मीही गेले. यशू शाळेत जायला लागली होती, दोन वेण्या, पायात नवे बूट. शेवंताबाई अंगणात सुपात तांदूळ घेऊन बसली होती. वाळली होती. मिलिंद पाया पडला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “जवाईबापू, तिथं थंडी असते म्हनते. पोरीचे कान झाकत जा.”

यशू पुढे आली नाही. मिलिंदनं खांद्याला धरून ढकललं, तशी ती दोन पावलं आली आणि थांबली. मोठ्या माणसासारखी कपाळाला आठी घालून तिनं विचारलं, “आजी, तू मले सोडून काहून गेली होती?”

मी शेवंताबाईकडे पाहिलं. सांग, मी मनात म्हणत होते, आता तरी सांग या पोरीला. तिच्या तोंडाशी आलं होतं, हे मी शपथेवर सांगते. पण मग तिनं मिलिंदकडे पाहिलं, पोरीच्या नव्या बुटांकडे पाहिलं. खरं सांगितलं असतं तर पोर गळ्यात पडली असती आणि दुसऱ्या दिवशी विमानात रडत बसली असती. कदाचित जन्मभर.

“कंटाळा आला होता मले तुहा,” शेवंताबाई म्हणाली. “लई रडत होती तू. जा आता. गाडी चुकन.”

यशूनं तिच्याकडे एकदा पाहिलं, पाठ फिरवली आणि जाऊन ऑटोत बसली. ती रडली नाही. मिलिंद काही बोलायला गेला, तर शेवंताबाईनं हातानंच त्याला गप्प केलं.

ऑटो निघाली तेव्हा मी मागे वळून पाहत होते. यशू समोर बघत होती. शेवंताबाई सूप मांडीवर घेऊन तशीच बसली होती आणि निवडलेल्या तांदळांत खड्यांचा ढीग परत मिसळून पुन्हा निवडायला लागली होती.